सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा

शारजा,
७ नोव्हेंबर २००१

प्रिय सतीश,

नऊ वर्षांनी ताईचं अक्षर बघून पत्र बाजूला टाकू नकोस. रागाव हवं तर, पण शेवटपर्यंत वाच. आज मला एका पोरीचं तोंड भरून कौतुक करायचंय आणि ते तुझ्यापाशीच करायचंय.

मी इथल्या चर्चमध्ये मराठी मुलांची संडे स्कूल घेते. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा संडे शुक्रवारीच उजाडतो. पंधरा पोरं आहेत, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत देणारी. मी मात्र आपल्या नगरच्या चर्चमधली तीच खाष्ट ताई राहिलेय. हात जोडा, डोळे मिटा, चुळबुळ नको. यात अस्मी नावाची बारा वर्षांची मुलगी आहे, इथल्या अल नहदा भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. प्रार्थनेत तिचे डोळे टक्क उघडे. मला कसं कळतं म्हणशील, तर मीही एक डोळा किलकिला ठेवते. पहारेकऱ्याला तेवढी सूट असते.

जूनमध्ये मुलांना करुणा शिकवायची म्हणून मी त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे विष्णू होता, बांधकामावरून पडलेला आपल्याकडचा मुलगा. दोन्ही हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, कूस बदलायचीही मनाई. तीन आठवडे बसवलेली गाणी मुलांनी छान म्हटली. मग मी प्रार्थना सुरू केली, आणि एकदा सुरू झाले की मला आवरत नाही हे तुला ठाऊकच आहे. त्या दिवशी मी डोळेही अगदी घट्ट मिटले होते. मध्येच खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाहते तर अस्मी रुमाल घेऊन विष्णूवर वाकलेली. गाणी ऐकताना त्याला रडू फुटलं होतं. उताणा पडलेला, त्यामुळे पाणी सरळ कानांत जात होतं आणि पुसायला हात नव्हते. आमची प्रार्थना मोडू नये म्हणून बिचारा गप्प होता. तिने त्याचे डोळे पुसले, कान पुसले आणि मोडक्या मराठीत विचारलं, “अंकल, नाक पण पुसू?” तो खुदकन हसला.

आणि मी काय केलं? बाहेर आल्यावर तिलाच झापलं. ती शांतपणे म्हणाली, “बट टीचर, सगळ्यांनीच डोळे मिटले तर अंकलकडे बघणार कोण?”

पुढच्या शुक्रवारपासून मुलांनी गाण्यांच्या वह्या घरी ठेवल्या आणि कंगवा, नेलकटर घेऊन निघाली. घरी स्वतःचं ताट न उचलणाऱ्या देवांशने विष्णूला चमच्याने वरणभात भरवला. आता प्रार्थनेआधी ती विचारतात, काय हवंय? चार महिन्यांत एकही शुक्रवार चुकला नाही. ऑफिसात दिसेल त्याला मी माझ्या पोरांच्या गोष्टी सांगत सुटते, इतका अभिमान वाटतो त्यांचा. पण हे त्यांना मी शिकवलेलं नाही.

पप्पांच्या शेवटच्या दुपारी आपण सगळे खाटेभोवती डोळे मिटून उभे होतो. पाळकसाहेबांची प्रार्थना चालली होती. तू “थांबा जरा” म्हणालास आणि चमच्याने पप्पांच्या तोंडात पाणी घातलंस. मी तुला सगळ्यांदेखत अधर्मी म्हणाले, दंडाला धरून बाहेर काढलं. पप्पा गेले तेव्हा तू अंगणात होतास. त्यांचे ओठ कोरडे पडलेत हे आमच्यातल्या एकानेही पाहिलं नव्हतं. सतीश, माझं चुकलं. पप्पांची शेवटची तहान भागवणारा माझा भाऊ आहे, हे मी अभिमानाने सांगायचं, त्याऐवजी नऊ वर्षं मान खाली घालून लपवलं. गेल्या शुक्रवारी मुलांना सगळं सांगितलं. अस्मी म्हणाली, मग त्यांना लिहा ना. म्हणून हे लिहिलंय, आणि टपालात टाकलेलं नाही. विष्णू घरी परततोय, त्याचं गाव पाथर्डीकडे. नगरला उतरून हे तुझ्या हाती द्यायचं त्याने कबूल केलंय. तू वाचतोयस तेव्हा तो समोरच उभा असेल. आधी त्याला पाणी दे. प्लास्टर निघालंय, पण बोटं अजून वळत नाहीत, पेला धरता येत नाही. पुढचं तुला मी शिकवायला नको.

तुझीच,
ताई