आरशावरची रिकामी फ्रेम

मुलींचं वसतिगृह,
ता. ९ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. खोली बरी आहे, पलंग मात्र इतका आखूड की पाय बाहेर लोंबतात. जिम्नॅस्टिक्सचा हॉल बघाल तर तुमची कात्री हातातून गळून पडेल. छत आपल्या गल्लीतल्या सगळ्यात उंच घराहून उंच, आणि जिकडेतिकडे खडूची पूड. पहिल्या दिवशी मी शिंकतच होते.

आता ज्या बातमीसाठी तुम्ही घाईघाईनं पाकीट फाडलं असेल ती. तुमची मांजर इथेच आहे. आम्ही तिला ताई म्हणतो, पण नाव तुम्ही बरोबर ठेवलंत. बाकीच्या मुली उडी मारून उतरल्या की धप्प आवाज होतो. ती उतरली की काहीच ऐकू येत नाही, म्हणून आम्ही वळून बघतो. सकाळी आमच्या आधी येते, गुडघ्याला पट्टी गुंडाळते आणि बीमवर, त्या चार बोटं रुंद उंच पट्टीवर, चढते. पडते, चढते, पुन्हा पडते.

तुमच्या फ्रेमसाठी तिच्या सहीचं मात्र कठीण दिसतंय. काल शाळकरी मुली वह्या घेऊन दारात उभ्या होत्या. ताईनं प्रत्येकीशी हात मिळवला, सही कुणालाच दिली नाही. मुली तळहाताला लागलेली पांढरी पूड जपत घरी गेल्या. आणि आमच्या सरांनी मला आधीच तंबी दिलीय, की ती आता माझी प्रतिस्पर्धी आहे, आणि जिची सही मागशील तिला हरवशील कशी.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो माझे गुण बघून कमी-जास्त करू नका.

तुमची,
टोळ


दुकान,
ता. १७ जानेवारी

चि. टोळ हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता एका गिऱ्हाईकाच्या गालावरचा फेस वाळला. तो बिचारा गप्प बसून होता, कारण त्यालाही पुढचं ऐकायचं होतं.

सलूनच्या भिंती तू लहानपणापासून बघतेस. सुजलेल्या बोटांनी सही केलेला मुक्केबाज, बसच्या तिकिटामागे नाव खरडणारा गोलकीपर, जिच्या घामानं शाई पसरली ती धावपटू. सगळे आहेत. मधल्या आरशावरची फ्रेम तेवढी रिकामी. आपले निवृत्त मास्तर दर महिन्याला केस कापायला येतात आणि दर महिन्याला विचारतात, की हा अदृश्य खेळाडू कोणत्या खेळातला. तुझी मामी म्हणते की नुसती धूळ पुसण्यापेक्षा माझा फोटो लावा.

पण ती जागा मांजरीचीच. दोन वेण्यांची पोर होती तेव्हा तिला पहिल्यांदा पाहिलं. वयानं मोठ्या मुलींना मागे टाकून तिनं पदक घेतलं आणि गळ्यात घालताना ते वेणीत अडकलं. मग ती सलग जिंकतच गेली. मग गुडघा फाटला. डॉक्टर म्हणाले संपलं, पेपरवाले म्हणाले संपलं. दोन वर्षांनी ती परत आली आणि पहिल्याच स्पर्धेत सगळ्यांच्या पुढे. मी तिचे फोटो सहीसाठी पोस्टानं पाठवत राहिलो. एकही परत आला नाही.

सरांचं ऐक. तू काही मागू नकोस. अगदीच तिच्या हातात पेन दिसलं आणि अगदीच तू शेजारी उभी असलीस, तर गोष्ट वेगळी.

पोटभर जेवत जा. लोभ इकडून पुरेपूर आहे, तिकडून पत्रं येऊ देत.

तुझा,
मामा


मुलींचं वसतिगृह,
ता. २ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पेन दिसलं आणि मी घोटाळा केला. ताई हजेरीपटावर सहीच्या जागी टिंब करत होती, आणि माझ्या तोंडून तुमची सगळी कहाणी बाहेर पडली. फ्रेम, मास्तर, मामीचा फोटो, सगळं. सर पाठीमागेच होते. त्यांनी माझे कान उपटले आणि हॉलभोवती धावायला लावलं.

ताई मात्र हसली. दुपारी पट्टी सोडताना तिनं मला शेजारी बसवलं. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाटी झाली की रस्ता ओलांडून पलीकडून बघायचे, आणि पटली तरच कोपऱ्यात आपलं नाव टाकायचे. नाही पटली तर पैसे घ्यायचे, नाव टाकायचे नाहीत. ताई म्हणाली की तिची पाटी अजून पुरी झालेली नाही. बीमवरून उतरतानाची तिची ती उडी, हवेत दोन कोलांट्या आणि एक पूर्ण फिरकी, सरावात जमते. स्पर्धेत उतरताना पाय अजून एकदाही जागच्या जागी राहिलेला नाही. तो राहील त्या दिवशी सही.

मामा, या महिन्यातली स्पर्धा तिची शेवटची आहे. गुडघा आता आणखी साथ देणार नाही. म्हणजे ही उडी नाही जमली, तर तुमची फ्रेम कायमची रिकामी. मी तिच्याविरुद्ध उतरणार आहे, आणि मनातून तिच्या पायांसाठी हात जोडून बसले आहे. हे सरांना कळवू नका.

लोभ राहू द्या, रागवायचं ते सरांनी रागवून झालंय.

तुमची,
टोळ


दुकान,
ता. २१ मार्च

चि. टोळ हिस,
अ. उ. आ.

तू सहावी आलीस, तोंड पाडून बसू नकोस. मामीनं गल्लीत सांगताना तुला तिसरी करून टाकलं आहे.

काल दुकानात टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. एकाची अर्धी दाढी तशीच राहिली होती. मांजर बीमवर चढली आणि पंखाही बंद करावासा वाटला. शेवटची उडी घेतली, दोन कोलांट्या, फिरकी, आणि ती उतरली. आकडे लागले, सुवर्णपदक. लोकांनी माझ्या खुर्च्यांवर चढून आरडाओरडा केला. तेवढ्यात मास्तर हळूच म्हणाले की डावं पाऊल सरकलं. सगळे त्यांच्या अंगावर धावून गेले. मी वस्तरा पुसत बसलो, कारण ते मलाही दिसलं होतं.

मग गर्दीनं तिच्यापुढे कागद नाचवले आणि ती नुसती हात मिळवत राहिली. मला वाईट वाटायला हवं होतं. उलट छाती भरून आली. सगळा देश टाळ्या वाजवतोय, आणि ती बाई रस्त्यापलीकडून आपली पाटी बघते आहे. मीही एक कल्ला तसूभर वर राहिला, तर गिऱ्हाईक आरशात बघून खूश झालं तरी त्याला उठू देत नाही.

तिला सांग, फ्रेम रिकामी आहे आणि माझी काही तक्रार नाही. धूळ मी पुसत राहीन.

लोभात खंड नको, जेवणातही नको.

तुझा,
मामा


सरावाचा हॉल,
ता. ४ एप्रिल

श्री. मामा यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या भाचीनं तुमचं पत्र मला वाचून दाखवलं, म्हणून न विचारता मीही मामाच म्हणते. पाय सरकलेला तुम्हा दोघांना दिसला, याचा मला पदकाइतका आनंद झाला. इतके दिवस वाटत होतं, ते सरकणं फक्त मलाच दिसतं.

तुमचे फोटो सगळे माझ्याकडे आहेत. सही करवेना आणि टाकवेना, म्हणून कपाटात राहिले. माफ करा.

माझ्या उड्या संपल्या. सरांनी मला इथे शिकवायला ठेवून घेतलं आहे. टोळ तीच उडी माझ्याकडून शिकते आहे. हट्टी आहे, खाली पडली की आधी हसते आणि मग शिव्या घालते. ती जमली तर मी माझीही पाटी पुरी झाली असं समजेन.

या पत्राखाली जागा सोडते आहे. तिचे पाय जागेवर राहिले, की स्वतः येऊन भरीन. तोवर हे पत्र अर्धंच समजावं, लोभ मात्र पुरा असावा.


दुकान,
ता. ११ डिसेंबर

चि. टोळ हिस,
अ. उ. आ.

परवा टीव्हीवर तू उतरलीस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. पाय बघत होतो. खिळे ठोकल्यासारखे राहिले. मास्तर चष्मा काढून डोळे पुसत होते आणि चष्म्याला नावं ठेवत होते. पदक रुपेरी का सोनेरी, हे आम्हाला बऱ्याच वेळानं कळलं. सोनेरी आहे हे ठीकच झालं.

आज दुपारी दुकानाच्या दारात एक बाई उभी राहिली. किंचित लंगडत आत आली आणि थेट मधल्या आरशासमोर बसली. मी ओळखली आणि तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं. ती म्हणाली की आयुष्यभर केस घट्ट बांधून डोकं दुखलंय, आता आखूड करा. मी बायकांचे केस कधी कापलेले नाहीत. कापले. मागे आरसा धरला. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि डाव्या कानाशी बोट ठेवलं. केसभर जास्त होते. तेवढे काढले, तेव्हा उठली.

मग एप्रिलपासून फ्रेममध्ये लावून ठेवलेलं तिचं अर्धं पत्र मी काढून दिलं आणि तिनं सही केली. टोळ, तिला सहीची सवयच नाही. शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर जुळवून लिहिलं, जीभ ओठांत धरून. भिंतीवरच्या सगळ्या सह्यांपेक्षा ती देखणी आहे.

सही तिनं पार डाव्या कडेला केली. मी म्हटलं की मध्ये एवढी जागा होती. ती म्हणाली की उजवीकडची जागा तिची नाही, पाय तिचे नव्हते.

तेव्हा सुट्टी मिळाली की ये. लोभ आहेच, पेनही आहे. फ्रेमला मी अजून काच बसवलेली नाही.

तुझा,
मामा