शिंगरशक्ती आणि युवराजची गद्दारी

३ नोव्हेंबर
औषध कंपनीतली एमआरची नोकरी सोडली. आता स्वतःचा ब्रँड, ‘शिंगरशक्ती’. गाढवाच्या पिलांसाठी पचनाची आणि वाढीची पावडर. मेथी, ओवा, यीस्ट, मिनरल मिक्श्चर आणि भरपूर गूळ. गाढवाला गुळाची चव काय, ही म्हण महिन्याभरात बंद पाडणार. यशश्री म्हणते, आधी माझ्या मिक्सरचा वास घालव. बायकोला व्हिजन नाही. (तोंडावर बोललो नाही.)

४ नोव्हेंबर
नदीकाठी फकिराकडे ट्रायल सुरू. तो गाढवांवर विटा वाहतो. त्याच्या गाढविणीचं शिंगरू निवडलं, नाव ठेवलं युवराज. फकिरा म्हणाला, नाव कशाला साहेब, हाक मारली तरी येत नाय ते. युवराजने पावडर हुंगली आणि माझ्या शर्टावर शिंकला. इम्युनिटी उत्तम.

९ नोव्हेंबर
सावळीरामशेठ भेटले. दिंडोरीकडे त्यांचा गाढविणीच्या दुधाचा फार्म, पिलं ढीगभर. म्हणाले, पिल्लू पावडर खाताना डोळ्यांनी बघतो, मग सगळ्या फार्मची ऑर्डर तुमची. वीस तारखेला येणार. ही ऑर्डर मिळालीच पाहिजे. जुन्या साहेबांना जाताना जे सुनावलं, ते पाहता परतीची वाट नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळी ७
अघटित! युवराजला आईची ताजी लीद खाताना पकडलं. शेजारी माझी वाटी जशीच्या तशी. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते हसले. म्हणे खाऊ द्या, आईच्या लिदीतले चांगले जंतू पोटात गेले की पिलाचं पचन बसतं. म्हणजे ही गाढवीण माझी कॉम्पिटिटर! आणि माल फुकट वाटते. डॉक्टरही तिला फितूर.

१५ नोव्हेंबर
उपाय सापडला. घमेलं आणि खराटा घेऊन गाढविणीच्या मागे फिरतो. लीद पडली की उचलली. यशश्रीच्या मामांनी पुलावरून पाहिलं. विचारलं, लागलास का कुठे? म्हटलं, रिसर्च चालू आहे. तेवढ्यात गाढविणीने लाथ घातली. धंद्यातली असूया, दुसरं काय.

१८ नोव्हेंबर
युवराज आज माझ्या मागे-मागे चालला. जीव लावलाय पोराने. यशश्री म्हणते, घमेल्यामागे चालला असेल. स्वतःच्या नवऱ्याला असं बोलवतं तरी कसं?

२० नोव्हेंबर, दुपारी
सगळं उलटलं. शेठ आले, मी वाटी पुढे केली, नेमकी त्याच वेळी गाढविणीने लीद टाकली. युवराज माझ्या वाटीत पाय देऊन तिकडे गेला आणि मिटक्या मारत खाऊ लागला. शेठ खूश. म्हणाले, पिल्लू झकास आहे. मी घाईने म्हटलं, शिंगरशक्तीची कमाल! तर फकिरा म्हणतो, नाय शेठ, त्यानं चिमूटभर बी खाल्लं नाय. रोज माझा चहा पिणारा माणूस! शेठनी तिथल्या तिथे सौदा केला. पावडरचा नाही. गाढवीण आणि युवराज, दोघांचा.

२१ नोव्हेंबर
जाणार नव्हतो. गेलो. टेम्पोत चढवल्यावर युवराजच्या पाठीवरून हात फिरवला. एवढी दगाबाजी करूनही त्याचा राग टिकेना. मनात म्हटलं, निघताना एकदा वळून बघ, सगळं माफ.
टेम्पो हलला. युवराजने मान वळवली, थेट माझ्याकडे पाहिलं, पाय आपटले, जिवाच्या आकांताने ओरडला. मला रडू आवरेना.
फकिरा म्हणाला, साहेब, जरा सरका. त्याच्या आईची लीद तुमच्या पायाखाली हाय.
सरकलो. युवराज वळणापर्यंत लिदीकडेच बघत गेला.