लाल शाईतली नावं

शुक्रवार, १३ ऑक्टोबर २००६, ॲन आर्बर

१. चीनमध्ये इंग्रजी शिकवून निघताना निरोपाच्या कार्डांवर मुलींची नावं मी लाल शाईने लिहिली आणि कार्डं वाटायला वर्गाच्या मॉनिटरकडे दिली.
२. काल लॅबमधली वेन म्हणाली, "आमच्या चीनमध्ये लाल शाईत नाव म्हणजे संबंध संपला. इंजिनिअर ना तू? आधी मॅन्युअल वाचायचं."
३. लगेच मॉनिटर ली हिला माफीची मेल केली.

मुलींना तसंच वाटलं असेल का? लाल शाई मी फक्त उठून दिसते म्हणून घेतली होती.

आज लीचं उत्तर आलं. "मॅडम, तुम्हाला माहीत नव्हतं, हे आम्हाला कळलं होतं. सगळी नावं मी काळ्या शाईने गिरवली, मगच कार्डं वाटली."

हायसं वाटलं. तीस कार्डं, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही.

तिला लिहिलं: उन्हाळ्यात पुन्हा शिकवायला आले तर चालेल का? पुढच्या शुक्रवारपर्यंत कळव.