हीटरचा दिवा लागतो, म्हणजे हीटर ठीक आहे

७ डिसेंबर, रविवार
आजपासून गाडीची वही. आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो, तेव्हा घरच्या इंजिनाची निरीक्षणं लिहून ठेवणं आपल्याला शोभतं.

लक्षण: सकाळी सेल्फ मारला की इंजिन फिरतं, मागून पांढरा धूर येतो, पण पकडत नाही. दुपारी मात्र एका सेल्फमध्ये सुरू. गाडी डिझेल, दोन हजार सहाची. वय झालंय, पण मूळची दणकट.

अनुमान: दोष थंडीचा, गाडीचा नाही. देवळालीत सध्या पहाटे नऊ डिग्री. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि डिझेल पेट घेतं. थंडीत मदत म्हणून आत चार हीटर प्लग असतात. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर त्यांचा पिवळा दिवा लागतो. आपला लागतो. म्हणजे हीटर ठीक आहेत. तो विषय संपला.

संकल्प: गॅरेजचं तोंड न पाहता आठ दिवसांत प्रश्न निकालात.

८ डिसेंबर, सोमवार, सकाळी ८.५०
ढकलावी लागली.

प्रज्ञा राहुरीच्या सरकारी दवाखान्यात नर्स. आठची ड्युटी. दिवाळीपर्यंत ती स्कूटीवर जायची. ती स्कूटी मी विकली. उसाच्या ट्रॉल्यांमधून, असल्या गारठ्यात तिने दुचाकीवर का जावं? मी रोज काचा लावून सोडीन असा शब्द दिला. चार दिवसांनी ती बरं म्हणाली. आलेल्या पैशातून गाडीला टायर घेतले हे खरं आहे, पण ते कारण दुय्यम होतं.

आज ढकलायला ती स्वतः आणि शेजारचे भिमाजी तात्या. तात्या साखर कारखान्यात बॉयलरवर होते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. गाडी सुरू झाल्यावर धापा टाकत खिडकीशी आले आणि म्हणाले, हीटर गेल्यात सर, कल्याण मिस्त्रीकडं टाका, अर्ध्या दिवसाचं काम हाय. मी त्यांना दिव्याचं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चहाला गेले.

बॉयलर वेगळा, इंजिन वेगळं.

प्रज्ञाला वीस मिनिटं उशीर. पण पहिलाच.

१२ डिसेंबर, शुक्रवार
नवी बॅटरी. सेल्फ आता जोरात फिरतो. धूरही जोरात येतो. ढकलली.

१४ डिसेंबर, रविवार
डिझेल फिल्टर स्वतः बदलला. फिल्टरमध्ये पाणी साठलं की गाडी अडते, हे व्हिडिओत पाहिलं. थेंबभर पाणी निघालंही. मोठा आनंद झाला. प्रज्ञाला बाटलीत दाखवलं. तिने विचारलं, उद्या सुरू होईल का? मी म्हणालो, शंभर टक्के.

१५ डिसेंबर, सोमवार
नाही झाली. पाइपमध्ये हवा राहिली असणार. प्रज्ञा गेटवर मोबाईलमध्ये वेळ बघत उभी होती. ती काही बोलत नाही, हे जास्त त्रासाचं. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

१८ डिसेंबर, गुरुवार, रात्री ९
नवा विचार: इंजिन रात्रभर उबदार ठेवायचं. काल संध्याकाळी बॉनेटखाली गोधडी पसरली. गोधडी सासूबाईंनी, म्हणजे आक्काबाईंनी, जाण्याआधी शेवटच्या वर्षी शिवलेली. कपाटात सर्वांत खाली होती, सहसा कोणी वापरत नाही. जाड म्हणून घेतली. दुसरी घेता आली असती, पण ती आमच्या अंगावर होती.

इंजिन सुरू झालं नाही. गोधडीला काळ्या ऑइलचे तीन डाग. धुतली. डाग पसरले. वाळल्यावर घडी उलटी करून होती तिथे ठेवली. सांगायचं आहे. योग्य वेळ बघून.

२२ डिसेंबर, सोमवार
बंबातलं गरम पाणी इंजिनावर ओतून पाहिलं. सुरू झाली! अंघोळीचं पाणी संपलं, प्रज्ञा गार पाण्याने अंघोळ करून ड्युटीवर गेली. गाडीत शिंकत होती. मी म्हणालो, बघ, वेळेत निघालो. तिने मान हलवली.

शास्त्रीयदृष्ट्या हा विजय आहे. बाकी बाजूंनी विचार केला नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार
गरम पाण्यानेही नाही. तात्या न बोलावता आले, मफलर कानाला गुंडाळून. त्यांच्या रंगुबाई ओट्यावरून म्हणाल्या, अहो, गुडघ्याचं बघा जरा. मला ऐकू आलं, पण मी किल्लीकडे लक्ष ठेवून होतो.

हीटरबद्दल तात्या आता बोलत नाहीत. पहिल्या दिवशी एकदाच बोलले. पटलं असावं त्यांना.

२६ डिसेंबर, शुक्रवार
प्रज्ञाचा हेअर ड्रायर हवेच्या पाइपात धरला. हवा खरंच गरम गेली. तिसऱ्या मिनिटाला ड्रायरच गेला. त्याबद्दलही सांगायचं आहे. गोधडीबरोबर एकत्रच सांगीन.

आज तिने सांगितलं की महिन्यात सहा वेळा उशीर झालाय आणि इन्चार्ज सिस्टरने सगळ्यांसमोर विचारलं. तिने त्यांना काय कारण सांगितलं, मी विचारलं. गाडी, एवढंच म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं असं दिवसभर वाटत राहिलं.

संकल्प: १ जानेवारीपासून एकही उशीर नाही.

२९ डिसेंबर, सोमवार
दुपारी बाजारात कल्याण मिस्त्री भेटला. माझ्या मागच्या बाकावर बसायचा शाळेत, गणितात कायम नापास. म्हणाला, गाडीचा त्रास हाय म्हणं? मी म्हणालो, छे, थोडी थंडी बाधते.

एवढं सरळ विचारणाऱ्या माणसाला खोटं का सांगितलं, कळत नाही. घरी येईपर्यंत कान गरम होते.

२ जानेवारी, शुक्रवार, सकाळी ११.४०, शाळेत
आज वाईट झालं. क्रमाने लिहितो.

दाट धुकं. वीस मिनिटं सेल्फ मारला. मग ढकलायला सुरुवात. मी आत, मागे प्रज्ञा आणि तात्या. दोनदा चौकाच्या उताराला लागलो, दोनदा थांबली. तिसऱ्यांदा दुसरा गिअर टाकून क्लच सोडला आणि इंजिनाने पकडलं. एकदा पकडलं की थांबायचं नाही, नाहीतर पुन्हा बंद पडते. म्हणून नेहमीप्रमाणे चौकापर्यंत जाऊन, वळून, प्रज्ञाला घ्यायला परत आलो.

तात्या रस्त्यावर बसले होते. गाडी एकदम पुढे सुटली तसा त्यांचा तोल गेला आणि ते उजव्या हातावर पडले. प्रज्ञा त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली होती, ड्युटीच्या पांढऱ्या कपड्यांत. खोक्याचा पुठ्ठा मनगटाला लावून ओढणीने हात बांधत होती. तिचा आवाज अगदी शांत होता. बोटं हलवा तात्या, म्हणत होती, आता अंगठा.

त्यांना गाडीत घ्यायला मी थांबलो. अॅक्सिलेटरवरचा पाय निघाला. इंजिन बंद पडलं.

दोघं दुधाच्या टेम्पोतून राहुरीला गेले. जाताना टेम्पोवाल्याने गाडी बाजूला घ्या म्हणून सांगितलं, रस्ता अडला होता. ती मी एकट्याने ढकलली.

धुक्यामुळे आरशात मागचं काही दिसलं नव्हतं. हे इथे नोंदवून ठेवतो.

३ जानेवारी, शनिवार
मनगटाचं हाड मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर. भेटायला गेलो. तात्या लोकांना सांगत होते की रस्त्यावर उसाचं पाचट पडलं हुतं, त्यावरून पाय घसरला. खरंच पडलेलं असेल. ट्रॉल्या जातात.

एक्स-रे होईपर्यंत प्रज्ञा त्यांच्याजवळ बसली होती, म्हणून रंगुबाईंनी संध्याकाळी आमच्याकडे हुरडा पाठवला, तिळाच्या चटणीसकट. मी खाल्ला. परत पाठवणं बरं दिसलं नसतं. सगळा संपवला.

५ जानेवारी, सोमवार
गाडी ट्रॅक्टरला बांधून कल्याणकडे नेली. रजा टाकली. निदान माझंच असलं तरी हत्यारं त्याच्याकडे आहेत, असं मनाशी ठरवून गेलो.

त्याने बॉनेट उघडलं, चारही हीटर प्लग काढले आणि एकेक बॅटरीला लावून मला धरून दाखवला. एकाचं टोक लाल झालं. बाकी तिघं काळेच. मी म्हणालो, पण दिवा लागतो ना. कल्याण म्हणाला, "दिवा टायमरवर लागतो, सर. आत प्लग जिवंत हायेत का मेलेत, दिव्याला काय म्हाईत?"

मग त्याने विचारलं, दिव्याचं कोणी सांगितलं तुम्हाला? मी म्हणालो, एक जण म्हणत होता.

दुपारी तीनला गाडी तयार. त्याने चहा पाजला आणि मला खुर्ची दिली, स्वतः टायरवर बसला.

६ जानेवारी, मंगळवार
सकाळी सव्वासातला अर्ध्या सेल्फमध्ये सुरू! धूर नाही, धडधड नाही. हॉर्न वाजवला. प्रज्ञा डबा घेऊन बाहेर आली, गाडीजवळून गेली आणि म्हणाली की ती एसटीने जाते आहे, सातपंचवीसची मिळते. शनिवारपासून ती तशीच जाते. मला वाटलं होतं ते तात्पुरतं आहे.

संध्याकाळी गोधडीचं सांगितलं. ड्रायरचंही. गोधडीचं तिला माहीत होतं. तिने ती काढून पुन्हा धुतली होती, डाग जात नाहीत म्हणाली. मग ती जवारीचं पीठ चाळायला बसली. मी तिथेच उभा होतो.

९ जानेवारी, शुक्रवार
ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तर इथे तरी खरं लिहावं.

आरशात धुकं नव्हतं. निघण्याआधी मी आरसा फडक्याने पुसला होता. तात्या पडताना मला दिसले. आधी मफलर सुटला, मग ते खाली गेले. माझा पाय ब्रेककडे गेला होता. तेवढ्यात डोक्यात आलं की आता थांबलो तर बंद पडेल, वीस मिनिटं फुकट जातील, परत ढकलायला कोण? आणि पाय अॅक्सिलेटरवर आला. चौकात मी व्यवस्थित वळलो. इंडिकेटरसुद्धा दिला.

त्या वेळी मला आनंद झाला होता, इंजिनाने पकडलं म्हणून. हे लिहायचं राहिलं होतं.

१० जानेवारी, शनिवार
उद्या तात्यांना सांगायचं.

११ जानेवारी, रविवार
त्यांच्याकडे पाहुणे होते. दोनदा जाऊन बघितलं. दुसऱ्यांदा पाहुणे नव्हते, पण टीव्ही चालू होता.

१२ जानेवारी, सोमवार, संध्याकाळी ६
सांगितलं. तात्या ओट्यावर उन्हाला बसले होते, प्लास्टर मांडीवर. रंगुबाई लसूण सोलत होत्या. मी उभ्यानेच सांगून टाकलं, की तुम्ही पडलात ते मी पाहिलं होतं आणि थांबलो नाही.

 तात्या म्हणाले, "म्हाईत हाय, सर. तुमची ब्रेकची लाल बत्ती लागलीच न्हाई."

मी विचारलं, मग पाचटाचं का सांगितलंत सगळ्यांना? ते म्हणाले, तुमी शाळेत शिकवता, पोरांच्या कानावर कशाला जायला पाहिजे.

रंगुबाई लसूण सोलतच होत्या. त्यांनी चहाचं विचारलं नाही. ते मला बरोबर वाटलं.

घरी येऊन प्रज्ञाला सांगितलं. ती म्हणाली, "मीही तिथंच होते ना."

म्हणजे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दहा दिवस दोघं माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती.

१६ जानेवारी, शुक्रवार
आज तात्यांना प्लास्टर दाखवायला राहुरीला जायचं होतं. मी पावणेसातलाच गाडी सुरू केली. एका सेल्फमध्ये. आत गरम हवा लावून ठेवली, मागच्या सीटवर तात्यांच्या हाताखाली घ्यायला उशी ठेवली आणि गेटसमोर उभी केली.

सातवीसला प्रज्ञा आणि तात्या बरोबरच बाहेर आले. तिने त्यांची पिशवी घेतली होती. मी उतरून दार उघडलं. तात्या थांबले, गाडीकडे बघून चांगली चालू झाली म्हणाले, आवाज एकदम साफ हाय. मग म्हणाले, तुमी शाळेला जावा सर, आमची एसटी येईल आता. प्रज्ञाने दार हळूच लावलं, आपटलं नाही.

मी गाडी घेऊन त्यांच्या मागोमाग स्टँडपर्यंत गेलो, जरा अंतर ठेवून. एसटी आली. तिने तात्यांना खिडकीशी बसवलं, प्लास्टरचा हात आतल्या बाजूला येईल असं. एसटी गेली.

मी इंजिन बंद केलं.  मग कारण नसताना पुन्हा सुरू करून पाहिलं.

झालं. लगेच झालं.