आधी पत्र, मग माती

ता. १२ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे आणि दोन्ही वेळा जेवते, हे आईला आधी सांग म्हणजे ती तुझा पिच्छा सोडेल. मातीच्या नमुन्यांचं पोतं दूधगाडीवाल्या काकांबरोबर पाठवते आहे, त्यातच हे पत्र. फोनचं इथे काही खरं नाही. ढग खाली आले की तो गप्प होतो, आणि ढग रोजच खाली येतात.

मावशी, मला काहीतरी सापडलंय. खिंडीजवळच्या सपाट जागेत खड्डा घेतला. माती काळीभोर, माझा हात खांद्यापर्यंत आत गेला तरी काळीच. वजनाला इतकी हलकी की तराजू बिघडला असं वाटून मी त्याच्यावर दगड ठेवून पाहिला. मूठभर घेतली तर कोरडीच वाटते, पण दाबून चोळली की अचानक बुळबुळीत होते आणि बोटांमधून पाणी ठिबकतं. खोऱ्यापलीकडे तो चपट्या माथ्याचा डोंगर आहे ना, तो कधीकाळी ज्वालामुखी होता. मला वाटतं ही त्याच्याच राखेपासून झालेली माती आहे.

आपल्या खात्याचे मातीचे नकाशे काढणाऱ्या नकाशेसाहेबांनी मात्र ही सगळी डोंगररांग एका तपकिरी रंगात रंगवून टाकलीय. नोव्हेंबरात नकाशा छापायला गेला की पुढची वीसपंचवीस वर्षं त्याला कोणी हात लावणार नाही. खताचे सल्ले त्यावरूनच दिले जातात. इथले बटाटेवाले तपकिरी मातीचं खत घालून घालून थकले, पीक आपलं खुरटंच. मला या खिंडीसाठी वेगळा रंग हवा आहे आणि त्यासाठी तुझ्या प्रयोगशाळेचे आकडे हवे आहेत. लवकर कर, मला झोप येत नाही.

तुझी लाडकी (हे तू कधी म्हणत नाहीस, म्हणून मीच लिहिते),
घूस


ता. २८ ऑगस्ट

चि. घूस हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोतं पोचलं. पत्र चार दिवसांनी वाचलं, कारण माझी पद्धत तुला ठाऊक आहे: आधी काम, मग पत्र. इतकी वर्षं प्रयोगशाळा अशीच चालली. माती दारातून आत आली की ओव्हनमध्ये वाळते, कुटली जाते, चाळली जाते, आणि मगच तिच्याशी बोलणं. कोणाच्या कौतुकाची पत्रं आधी वाचली की आकडे बिघडतात.

आता आकडे ऐक आणि खाली बस. तुझ्या मातीत चिकणमातीचे कण नावालाच आहेत. उंच नळीत पाण्यात ढवळली तर भराभर तळाला बसली, नदीकाठच्या रेतीसारखी. पाणी धरायचं तर सोडच, वरून ओतलेलं पाणी आत घ्यायलाही ती तयार नाही. बुळबुळीत वगैरे तू जे लिहिलंस ते मला कुठे दिसलं नाही. नकाशेसाहेब नेमके तेव्हाच टपकले, कागद पाहून खूश झाले आणि म्हणाले की पोरीला सांगा, तपकिरी रंग काही वाईट नसतो.

लहानपणी तू आमच्या अंगणात खड्डे खणायचीस आणि दर वेळी खजिना सापडला म्हणून आरडाओरडा करायचीस. निघायचं काय, तर माझाच हरवलेला चमचा. म्हणून तर नाव घूस पडलं. ऑक्टोबरअखेर मी निवृत्त होते आहे. जाता जाता भाचीच्या मायेपोटी आकडे वाकवले असं कोणी म्हटलेलं मला चालणार नाही. स्वेटर घालत जा.

तुझी,
मावशी


ता. ६ सप्टेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग चिडले, मग ओरडतच खोलीभर फिरले. घरमालकीणबाई काय झालं म्हणून बघायला आल्या. त्यांना म्हटलं, माझ्या मावशीने माझी माती भाजली.

अगं, मी इथे पावसाचं माप ठेवते, जमिनीत थर्मामीटर पुरलेत, धुकं अडवायला जाळी लावलीय. पाऊस नसतो त्या दिवशीही जाळीखालची बाटली भरते. जुन्या हवामान केंद्राचे कागद काढून बघितले. एकही महिना कोरडा नाही. म्हणजे या मातीने जन्मात कधी ऊन खाल्लेलं नाही, आणि तू तिला थेट ओव्हनमध्ये घातलंस. राखेतून झालेल्या या मातीचे कण पाण्याने फुगलेले असतात. एकदा वाळले की आक्रसून एकमेकांना चिकटतात, मग कितीही भिजव, पूर्वीसारखे होत नाहीत. अंडं उकडल्यावर त्याला थंड पाण्यात ठेवून कच्चं करता येतं का? तू मोजलंस ते खरंच मोजलंस, पण ती माझी माती नव्हतीच.

आणखी एक. मी खिंडीपासून दोन्ही बाजूंना खड्डे घेत गेले. ज्वालामुखीच्या जवळ जावं तसा काळा थर जाड होतो, लांब जावं तसा पातळ. तीव्र उतारावर तो वाहून गेलाय, सपाटीला साचलाय. वरून कोणी चाळणीने पीठ पेरावं तसं दिसतं. हा तपकिरी रंग असूच शकत नाही.

सोबत स्टीलचे दोन डबे आहेत, एकाच खड्ड्यातली, एकाच थरातली माती, ओल्या फडक्यात गुंडाळून. ही वाळवायची नाही. दूधगाडीवाल्या काकांना वाटतंय आत लोणी आहे. मी नाही म्हटलं तरी ते डबे सावलीतच ठेवणार आहेत, तेव्हा गैरसमज दूर केला नाही.

कृपा करून, पाया पडते, या खेपेला ओली मोज.

तुझी हट्टी,
घूस


ता. २५ सप्टेंबर

चि. घूस हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी वाईट बातमी. डबे आले, त्याबरोबर पत्रही आलं. मी पत्र बाजूला ठेवलं, पहिला डबा उघडला, माती ताटलीत पसरली, ओव्हनमध्ये सारली, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशी ती बाहेर काढल्यावर सवडीने तुझं पत्र फोडलं. वाचता वाचता ‘ही वाळवायची नाही’ या ओळीवर आले. दुसरा डबा टेबलावर आपली पाळी येण्याची वाट बघत होता. मी तो अक्षरशः पोटाशी धरून फ्रिजकडे पळाले. प्रयोगशाळेतल्या कोणी मला पळताना आजवर पाहिलं नव्हतं.

आता चांगली बातमी. माझ्या या पद्धतशीर वेंधळेपणामुळे एकाच मातीचे दोन नमुने हाती आले, एक भाजलेला आणि एक जिवंत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून मोजले. ओल्या मातीने वाळलेलीच्या दुपटीहून जास्त पाणी धरलं. माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा मोजलं. मग फॉस्फेटचं द्रावण घातलं, तर तिने जवळजवळ सगळं गिळलं आणि परत द्यायचं नावच घेईना. तुझ्या बटाट्यांची उपासमार का होते ते कळलं. खत माती खाते, झाडाच्या वाट्याला काही उरत नाही. घूस, मला शेवटचा एवढा आनंद कधी झाला होता ते आठवत नाही. घरी येऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं, ती म्हणाली, पण पोरगी स्वेटर घालते का?

दोन्ही ताटल्या नकाशेसाहेबांपुढे ठेवल्या. आकडे त्यांनी दोनदा ताडून पाहिले. मग म्हणाले की खड्डा स्वतः पाहिल्याशिवाय रंग बदलणार नाही. खात्याचा नियम असा, की ज्याने खड्डा खणला त्याने तो दाखवायचा नाही. दुसऱ्या कोणीतरी जाणकाराने दाखवायचा. आणि त्याच दिवशी तू इथे कार्यालयात नकाशाच्या रंगांच्या तक्त्यासमोर बसायचंस, साहेबांनी परत येऊन सीमारेषेचे प्रश्न विचारले तर उत्तरं द्यायला. तारीख ठरली आहे ३१ ऑक्टोबर. जाणकार म्हणून माझं नाव त्यांनी स्वतः लिहिलं.

मला घाट लागतो हे सगळ्या जगाला माहीत आहे. आयुष्यभर डोंगरांची माती तपासली, डोंगर एकही चढले नाही. पण नोकरीच्या शेवटच्या दिवशी खुर्चीत बसून हार घालून घेण्यापेक्षा ओकाऱ्या परवडल्या. येते.

तुझी,
मावशी


ता. २९ ऑक्टोबर
(उशीवर ठेवलेलं)

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू पोचशील तेव्हा मी घाट उतरलेली असेन. घाटात आपल्या गाड्या समोरासमोर आल्या असतील, पण तू डोळे मिटून बसलेली असशील, म्हणून हात केला नाही असं समज.

गमबूट दाराशी आहेत, तुझ्याच मापाचे. खड्ड्याची भिंत फावड्याने थोडी खरवडून ताजी कर. फ्लोराइडच्या द्रावणाची छोटी बाटली आणि रंग बदलणारं रसायन लावून वाळवलेले कागद टेबलावर आहेत. ओली माती कागदावर दाब, बाटलीतला थेंब सोड. आपलं म्हणणं बरोबर असेल तर कागद लाल होतो. साहेबांना फार समजावू नकोस, त्यांच्याच हातात माती दे.

एक सांगू? मला भीती वाटते आहे. आकडे आहेत, पाऊस आहे, थरांची जाडी आहे, तरी त्या माणसाने नुसती नकारार्थी मान हलवली तर सगळं तपकिरी. खिडकी घट्ट लाव, धुकं आत येऊन झोपतं.

तुझी,
घूस


ता. ३१ ऑक्टोबर

चि. घूस हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

साहेब आत्ता दूधगाडीशेजारी उभे राहून चहा घेत आहेत. गाडी सुटायच्या आत हे लिहून काकांच्या हाती द्यायचं आहे. खड्डा उघडा पडलाय, अवजारं तशीच आत आहेत, पण काम राहू दे. आधी पत्र.

साहेब पॉलिश केलेल्या बुटांनी आले. तू सांगितलंस तसं मी फावडं मारून ताजं ढेकूळ काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. म्हणाले, कोरडी दिसते. मी म्हटलं, चोळा. त्यांनी अंगठ्याने चोळली आणि पाणी त्यांच्या बाहीत गेलं. मग कागद मागून घेतला. थेंब त्यांनी स्वतः सोडला. मी श्वास रोखून उभी होते, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठीही. कागद लाल झाला, अगदी कुंकवासारखा. त्यांनी दुसरा कागद मागितला, मग तिसरा. शेवटी बुटांसकट खड्ड्यात उतरले आणि भिंतीला हात लावून लहान मुलासारखे चिखलात बोटं रुतवत राहिले. वर आले तेव्हा मला एवढंच विचारलं, की तक्त्यावर कोणता रंग शिल्लक आहे. मी म्हटलं, ते तिथे कार्यालयात जी बसली आहे तिला विचारा. तेव्हा तयारीत राहा. रंग तू निवडायचास. फक्त गुलाबी नको.

घाटात मला काही झालं नाही. अर्ध्या वाटेत डोळे उघडले ते मग मिटलेच नाहीत. मी इतकी वर्षं जिला माती म्हणत होते ती ताटलीतली भुकटी होती. तिचा वास, तिचा गारवा, पाय आपटला की हलणारी जमीन, हे मला कोणी आकड्यांत सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस आणि मी तुला स्वेटर घाल म्हणाले. तुझा मला फार अभिमान वाटतो, लाडके. हे पत्र आईला दाखवू नकोस, ती रडेल.

मी आठवडाभर इथेच राहते. कार्यालयात हार घेऊन कोणी वाट बघत असेल तर तू घालून घे.

तुझी,
मावशी

ता. क. सोबत एक डबा आहे. मी माझ्या हाताने खणलेला पहिला नमुना. ओव्हनच्या जवळपास जरी नेलास तर याद राख.