त्या हिवाळ्यातली कांबळी

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावरचा राग संपला असं मी धरून चाललो होतो. काल तो पुन्हा उफाळला. इथं दोहाच्या इंडस्ट्रियल एरियात, आमच्या खोलीवर, शुक्रवारच्या सुट्टीत.

ती गोष्ट तुम्ही एकदाच सांगितलीत. आई चुलीपाशी भाकऱ्या थापतेय, मी तिच्यामागं गोधडी पांघरून बसलोय, आणि तुम्ही, सुट्टीवर आलेले फौजी, कुणी न विचारता बोलायला लागता. बांगलादेशच्या लढाईचा हिवाळा, सरहद्दीच्या अलीकडं मुक्तिवाहिनीच्या बंगाली पोरांची छावणी. बंदुका कमी, तांदूळ त्याहून कमी, पायांत काही नाही. पलीकडून तोफगोळे पडायचे आणि पोरं स्वतःची आतडी हातात धरून चालत यायची. तुमच्याकडं स्टोअर होतं. रात्रीत जो मरेल त्याच्या अंगावरचं कांबळं सकाळी ओढून घ्यायचं, रक्त राखेनं घासायचं आणि दुसऱ्याला द्यायचं, हे तुमचं काम. एका सकाळी पोट फाटलेल्या एकानं कांबळं सोडलंच नाही. तुम्ही रायफलचा दस्ता त्याच्या बोटांवर घातला. सुटलं नाही, मग पुन्हा घातला. बोटं मोडल्याचा आवाज कसा आला तेही तुम्ही सांगितलंत, आणि आईच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली.

मी विचारलं, तो जिवंत होता का? तुमचा हात असा बसला की माझ्या कानातून रक्त आलं.

"जित्ता हुता," तुम्ही म्हणालात. "पर जगनार नव्हता. भाईर एकजण उघडाच कुडकुडत हुता, त्यो जगला. तू असतास तर काय केलं असतंस, सांग."

मी सात-आठ वर्षांचा. काय सांगणार? त्या कानानं मला अजून कमी ऐकू येतं.

माझ्या शेजारच्या पलंगावर झोपणारा क्रेनचालक बांगलादेशचा. त्याचा मामा त्या लढाईत गेला हे मला ठाऊक होतं. कुठं, ते काल बोलता बोलता कळलं. गावाचं नाव तेच, छावणीची गोष्ट सांगताना तुम्ही घेतलेलं. मी बोलून गेलो की माझे वडील तिथं होते. त्यानं लगेच गावाकडं आपल्या आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारी पडद्याला तोंड चिकटवून रडायला लागली. थोरल्या भावाचं प्रेत घरी आलंच नव्हतं, आणि तिथलं काही सांगणारं माणूस तिला जन्मात भेटलं नव्हतं. तुम्ही बोटं मोडलीत तो तिचा भाऊ की दुसरा कुणी, मला ठाऊक नाही. तिथं अशी कितीतरी पोरं मेली. तिनं हुंदके देत बराच वेळ काहीतरी विचारलं, आणि त्यानं मला एवढंच सांगितलं,

"अम्मा पूछता है, मामा को ठंडी लगा था क्या?"

तुम्ही समोर असतात तर तुमची गचांडी धरली असती. हे उत्तर तुम्ही द्यायचं होतं, आबा, माझ्यावर का टाकलंत? मी म्हणालो, "नहीं लगी. मेरे बाप ने अपने हाथ से कंबल डाला था." म्हातारीनं दोन्ही हात वर करून तुमच्यासाठी दुआ मागितली. मग तुमचं नाव विचारलं, आणि मी आडनावासकट सांगितलं.

हे पत्र पाठवायचं कुठं नाही, म्हणूनच लिहून टाकतो. तुमचं नाव घेताना मला तुमचा अभिमान वाटला. जन्मात पहिल्यांदाच.