बेल्ट कुणी जाळला

१३ डिसेंबर १९९८

झुकला! माझा नवरा भर सभेत कमरेतून झुकला — माझ्या वतीने, मला न विचारता!

काल आमची बर्फगाडी दोन पाहुण्यांना घेऊन वरच्या हॉटेलाकडे निघाली होती. चढावर बेल्ट जळला. कुणाला खरचटलंही नाही, उरलेली वाट चालत गेले. पण आज पर्यटन मंडळाच्या बैठकीत कुरोइवा उठला. गावातला जुना मेकॅनिक. सगळ्यांच्या गाड्या तोच बघतो, आमच्या सोडून. आमच्या मी बघते.

म्हणाला, "बेल्ट ज्या दोन क्लचवर फिरतो ते एका रेषेत नसले की तो जळतो. या गाडीचे क्लच घरच्या ओकुसाननी जुळवले होते, नाही का?"

ओकुसान! म्हणजे जपानीत कुणाची तरी बायको. मी तिथेच बसले होते, मला नाव आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात कोजी उभा राहिला आणि झुकला. सगळ्यांना त्रास झाला, माफ करा. संपलं. पुढचा विषय — बस थांब्यावरचा बर्फ कुणी काढायचा!

घरी विचारलं, गुन्हा कबूल का केलास? म्हणे, कबूल नाही केला, माफी मागितली. हा पुण्यात दोन वर्षं मराठी शिकला, पण भांडायचं मराठी त्याला कुणी शिकवलंच नाही. मी एकटीच भांडले. भिंतीशी.

माझं ठाम मत आहे, आणि ते मी सांगलीपासून व्यासपीठावर सांगत आलेय: जो न केलेल्या चुकीसाठी मान तुकवतो, तो खोटं बोलणाऱ्याला बळ देतो.

कुरोइवा, हे मी विसरणार नाही.

१४ डिसेंबर

सकाळी शेडमध्ये. हात गोठले होते, डोकं नाही.

बेल्ट काढला. मापाची पट्टी मागच्या क्लचच्या खोबणीत बसवली. क्लच रेषेत असले तर पट्टीचं दुसरं टोक पुढच्या क्लचच्या पाठीला जेमतेम टेकतं. दूर राहिलं तरी चूक, अडलं तरी चूक. टेकलं! तीनदा पाहिलं. क्लच रेषेत आणायला मी घातलेले वॉशर जसेच्या तसे आहेत.

म्हणजे मी निर्दोष. मग बेल्टची एकच कड का खाल्ली गेलीय? दुसरी कड नवी कोरी आहे. गाडी उभी असताना क्लच सरळ आणि चालताना वाकडे — असं कसं?

१७ डिसेंबर

सापडलास, म्हाताऱ्या.

पहार घालून इंजिन मागे रेटलं. सरकलं! डावीकडून चांगलं बोटभर सरकलं आणि त्याबरोबर पुढचा क्लच तिरका झाला. चढावर बेल्ट इंजिनाला नेमका असाच मागे ओढतो. पट्टीला हे कधीच दिसणार नाही, ती उभ्या गाडीला लावतात.

इंजिन ज्या रबरांवर बसतं ती चार रबरं आम्ही ऑक्टोबरमध्ये बदलून घेतली. कुरोइवाच्या दुकानात! कारण इंजिन उचलायची साखळी गावात त्याच्याकडेच आहे. डावीकडचं पुढचं रबर या गाडीचं नाहीच. लहान गाडीचं आहे, मऊ, आता फाटलेलं. याने चुकीचं रबर बसवलं आणि बेल्ट जळल्यावर बोट माझ्याकडे केलं. चोर तो चोर, वर शिरजोर.

फाटकं रबर फडक्यात गुंडाळून ठेवलंय. आता नुसतं घरी येऊन "चुकलो" म्हणून चालणार नाही. जिथे बोललास तिथेच, त्याच लोकांसमोर.

१८ डिसेंबर

कोजीला रबर दाखवलं. त्याने ते उजेडात धरून उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, "बैठकीत काढू नकोस हे."

का?

"थांब थोडी."

कशासाठी थांबू ते सांगेना. भित्रा.

२० डिसेंबर

मैत्रिणीचा, सिंधूचा फोन, राजधानीतल्या निशी-कसाईहून. तिचा नवरा तिथे सॉफ्टवेअरच्या कामावर आलाय. तिला सगळं सांगितलं. "हाण त्याला, ज्योत्स्ना! पण मला सांग, जपानीत हाणता तरी येतं का गं?" मग म्हणे यांच्या ऑफिसात मीटिंग म्हणजे आधी ठरलेलं परत एकदा मोठ्याने वाचायचं आणि चहा प्यायचा. खूप हसलो. कितीतरी दिवसांनी मराठीत हसले.

पण मी चहा प्यायला जाणार नाहीये.

२२ डिसेंबर

कुरोइवा आला! माझ्या शेडमध्ये! मी दुसऱ्या गाडीचे क्लच जुळवत होते. दारात उभा, टोपी हातात. पट्टी बघू का म्हणाला. दिली. त्याने स्वतः लावून पाहिली, डोळे अगदी जवळ नेऊन. मग खाली वाकून इंजिनखाली बोटं फिरवली, चारही रबरं चाचपली.

"नीट जुळवलंय," म्हणाला. आणखी काहीतरी बोलणार होता. मी पाना आपटला आणि पाठ फिरवली. गेला.

कशाला आला होता ते न कळायला मी काही दूधखुळी नाही. माझ्या हातात काय पुरावा आहे ते चाचपायला!

२६ डिसेंबर

कोजीशी बोलणं बंद. तो रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जातो. जाऊ दे.

४ जानेवारी १९९९

नवीन वर्ष. भाषण लिहून झालं. छपरावरचा बर्फ लोटताना पाठ केलं, शेजारच्या आजी खालून बघत होत्या. त्यांना वाटलं गाणं म्हणतेय. म्हणाल्या, छान आहे.

बैठक सतराला आहे. त्याच बैठकीत कुरोइवा त्याच्याकडचं वरच्या हॉटेलांच्या पाहुण्यांच्या रोजच्या ने-आणीचं काम सोडणार. वय झालं. पुढच्या हिवाळ्यापासून ते कुणाला द्यायचं ते तेव्हाच जाहीर होणार, आणि मंडळ त्याच्याच शब्दावर चालतं. तो पुतण्याचं नाव घेणार हे बसवाल्यालाही ठाऊक आहे. आम्हाला मिळालं असतं तर आमचं हे बर्फगाड्यांचं दुकान तगलं असतं. नाही मिळालं तर कोजी इचिकावाला मावसभावाकडे नोकरी धरणार आणि शेडला कुलूप. बेल्टच्या प्रकरणानंतर आमचं नाव कोण घेणार? काम तर गेल्यात जमा आहे. मग निदान त्याचे दात त्याच्या घशात घालूनच जाईन.

सांगलीला कॉलेजच्या वसतिगृहात पाणी नव्हतं तेव्हा याच जिभेने प्राचार्यांना खुर्चीतून उठवलं होतं. मेकॅनिकलच्या वर्गात मी एकटी मुलगी. तेव्हाही म्हणायचे, हिला पाना धरता येतो का?

१६ जानेवारी

कोजी आज स्वतःहून बोलला. "उद्या गप्प बस. एवढं एकच मागणं माझं."

कारण सांग, बसते.

"कारण सांगायचं नाही असं ठरलंय. उद्या दुपारी तुला कळेल."

कुणाशी ठरलंय? माझ्या पाठीमागे कुणाशी काय ठरवतोस? मी म्हटलं, उद्या दुपारी सगळ्या गावालाच कळेल.

१७ जानेवारी

केलं!

पहिला विषय संपायच्या आत उभी राहिले. टेबलावर जळका बेल्ट ठेवला, शेजारी पट्टी, शेजारी ते फाटकं रबर. एकदाही अडखळले नाही. क्लच कसे जुळवतात ते सांगितलं, इंजिन कसं सरकलं ते सांगितलं, रबर कुठल्या गाडीचं आणि कुणी बसवलं ते सांगितलं. शेवटी म्हटलं, "ज्या हाताला रबर ओळखता येत नाही, त्या हाताने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. आणि माझं नाव ओकुसान नाही. ज्योत्स्ना."

कोजी टेबलाकडे बघत होता.

कुरोइवा उठला. इतका झुकला की डोक्याचा मधला विरळ भाग दिसला. "डोळे साथ देत नाहीत हल्ली. चूक माझी होती. ज्योत्स्ना-सान, माफ करा."

नाव घेतलं! माझं नाव, अगदी स्पष्ट!

अध्यक्ष म्हणाले, सविस्तर सांगितल्याबद्दल आभार. कुणीतरी चहा ओतला. ने-आणीच्या कामाचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुतण्याचं नाव घ्यायची हिंमतच उरली नाही म्हाताऱ्याला!

कोजी गाडी चालवत होता. मी गुणगुणत होते.

१८ जानेवारी

काय झोप लागली!

३१ जानेवारी

काम शहरातल्या एका कंपनीला गेलं. पुतण्याला नाही! बरं झालं.

१ फेब्रुवारी

कोजीने आज सांगितलं, इचिकावाला फोन केल्यावर. कुरोइवा शेडमधून गेला तो थेट अध्यक्षांकडे गेला होता. नंतर पंधरा दिवस तो आणि कोजी मिळून घरोघर गेले. कुरोइवा आमचं नाव सांगत होता. आमचंच. सगळे हो म्हणाले होते. त्याची एकच विनंती होती, त्याच्या अधू डोळ्यांचं आणि त्या रबराचं सभेत निघू नये.

मी म्हटलं, मग तेच नाव का नाही ठेवलं?

"ज्या मेकॅनिकला रबर ओळखता येत नाही, त्याच्या शब्दावर मंडळ काम कसं देईल? आपल्याकडे दुसऱ्या कुणाचा शब्द नव्हता."